येऊरच्या वनात गरुड आणि साप

ठाणे शहराच्या पश्चिमेस, उपवन तलावापलीकडील चढणीवर येऊरचे वन आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा पूर्वेकडील भाग होय. कल्याण-डोंबिवलीच्या शाळांनाही तेथील सहल सोयीची आहे. मात्र येथे पिंजरे नाहीत. वनखात्याचे नियम पाळून, शांतपणे व दुरूनच निरीक्षण करावे लागते.

ऊन चढू लागले की तुरेवाला सर्पगरुड वर तापणाऱ्या हवेच्या आधाराने आकाशात घिरट्या घालतो. पंखांखालील रुंद पांढरा पट्टा आणि लांब शीळ ही त्याची ओळख. साप व सरडे हे त्याचे मुख्य भक्ष्य. सापांपैकी धामण शेतातील उंदीर फस्त करते आणि शेतकऱ्याचे धान्य राखते. ही साखळी विद्यार्थ्यांना येथे समजावून सांगता येते.

भातखाचरांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्याने साप घरांजवळ दिसतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे राज्यातील चार प्रमुख विषारी साप. धामण बिनविषारी आहे. साप दिसताच मारू नये, वनखात्यास कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, दोरीने आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष लस चालते. ही माहिती शिक्षकांनी वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत सांगितल्यास माणूस आणि साप, दोघांचेही प्राण वाचतील.