टोकन रिंग : वर्तुळातील पहारा

कुरखेड्याहून आगगाडी पकडायची तर वडसा गाठावे लागते. एकेरी लोहमार्गांवर गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून भारतीय रेल्वेने पुष्कळ वर्षे एक साधी युक्ती वापरली. स्थानकात टोकनचा गोळा हाती पडल्याखेरीज चालकाने गाडी पुढे न्यायची नाही. आयबीएमने १९८५ मध्ये आणलेल्या 'टोकन रिंग' या कार्यालयीन संगणक-जाळ्याचे तत्त्व हेच. वर्तुळात जोडलेल्या संगणकांमधून एक टोकन फिरत राहते. ज्याच्या हाती ते, त्यानेच संदेश पाठवायचा.

शिस्त चोख, गुप्तता मात्र बेताची. कारण वाटेतील प्रत्येक संगणक संदेश घेतो आणि पुढच्याकडे देतो. आपल्या नावाचा नसलेला संदेश वाचू नये, हा केवळ संकेत. तो मोडणे अवघड नव्हते. त्यावर आयबीएमने तोड काढली. वाहतूक टिपणाऱ्या उपकरणाने स्वतःच्या हजेरीची वर्दी द्यायची आणि ते अनधिकृत असल्यास व्यवस्थापकाने त्याला वर्तुळाबाहेर काढायचे. चोराने येताना घंटी वाजवावी, अशी ही अपेक्षा! खरा पहारा उरला तो तारा एकत्र येणाऱ्या पेटीच्या कुलपाचा.

स्वस्त आणि वेगवान इथरनेटपुढे टोकन रिंग मागे पडली. वर्तुळाची कल्पना मात्र टिकली. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ग्रामपंचायती वलयाकार पद्धतीने जोडायच्या आहेत. पूर्वीच्या सरळ रेषेतील तारेला रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागला, की पुढची गावे संपर्काबाहेर. वलयात संदेश उलट दिशेने पोहोचू शकतो. कुरखेडा-कोरचीसारख्या जंगलपट्ट्यात, जेथे दुरुस्तीची माणसे पोहोचेपर्यंतच वेळ जातो, तेथे याचे मोल मोठे.

परंतु तुटण्यापासून रक्षण म्हणजे डोकावण्यापासून रक्षण नव्हे. भारतनेटमध्ये टोकन नाही, राउटर आहेत. संदेश प्रत्येक संगणकातून फिरत नाही. तरीही वाटेतील उपकरणाचा ताबा मिळविणाऱ्याला वाहतूक दिसू शकते. जन्माचा दाखला, घरपट्टीचा उतारा, आधार क्रमांक ही माहिती कूटबद्ध होऊन गेली, तरच त्याच्या हाती निरर्थक अक्षरे लागतात. भिंतीवरचे मोकळे सॉकेट बंद करणे आणि राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड बदलणे याला फारसा खर्च नाही. राउटर असलेल्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, याचीही ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत नोंद हवी.