देखणी कळलावी, जपून लावावी

पावसाला महिना-दीड महिना झाला, की कोकणातल्या कुंपणांवर आणि घाटातल्या करवंदीच्या जाळ्यांवर एक नाजूक वेल झपाट्याने चढू लागते. खोड पेन्सिलीएवढेच जाड. पण पानांची टोके तारेसारखी वळलेली. मिळेल त्या काटकीला ती वेढा घालतात आणि वेल वर सरकते. गौरी-गणपतीच्या सुमारास तिला फुले येतात. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सगळ्या मागे उलटून वर उभ्या राहिलेल्या. बुडाशी पिवळ्या, टोकाशी लालभडक. लांबून पाहावे तर जाळीला आग लागल्याचा भास व्हावा. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात ते उगीच नाही. कोकणात काही ठिकाणी या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात आणि गौरीच्या पूजेत ती मांडतात.

ही कळलावी. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. तमिळनाडूचे हे राज्यफूल आणि झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल. देशी फुलझाडांची आवड वाढल्यापासून शहरांतल्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांमध्येही ती दिसू लागली आहे. लावायला सोपी, खतपाण्याचे फारसे लाड नाहीत आणि एकदा रुजली की दरवर्षी आपोआप उगवणारी. तरीही ती लावणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. या वेलीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि त्यातही कंद आणि बिया सर्वाधिक.

नावातच इशारा

‘कळलावी’ या नावाचे दोन अर्थ सांगतात. एक, घरात लावली तर भांडणे लावते म्हणून कळलावी. ही समजूत अजूनही अनेक घरांत आहे आणि त्यापायी वेल अंगणाबाहेर ठेवली जाते. दुसरा अर्थ कळांशी, म्हणजे बाळंतपणाच्या वेणांशी जोडलेला. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून या कंदाचा लेप लावण्याची रीत होती. गर्भपातासाठी कंद पोटात देण्याचे प्रकारही झाले आणि त्यात बायका दगावल्या. आयुर्वेदात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. नांगरासारख्या वाकड्या कंदावरून हे नाव पडले. तिची गणना तिथे उपविषांत होते आणि शोधन केल्याशिवाय ती वापरत नाहीत. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही तिचे स्वरूप पुरते ठाऊक होते.

आणखी एक घोटाळा नावांचा. काही भागांत कळलावीला खड्यानाग, तर कुठे बचनागही म्हणतात. खरा बचनाग हिमालयात होतो आणि त्याचे विष अगदी वेगळे. ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर आणि मज्जातंतूंवर हल्ला करते. त्यामुळे ‘बचनाग खाल्ला’ एवढ्याच माहितीवर डॉक्टरांची दिशा चुकू शकते.

कंद कसा लावावा

रोपवाटिकेतून घेतलेला कंद मे महिन्याच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसात लावावा. रानातून खणून आणू नये. औषधी व्यापारासाठी कंद उपसल्यामुळे अनेक ठिकाणी ती आधीच विरळ झाली आहे. कंद बोटाएवढा जाड, इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘एल’ अक्षरासारखा दुबेळका असतो. त्याच्या टोकाला कोंब असतो. हा कोंब फार ठिसूळ असतो. तो मोडला तर ती फांदी बहुधा उगवत नाही. दोन फांद्यांचा कंद सांध्यावर अलगद तोडला, तर प्रत्येक टोकापासून एकेक वेल मिळते.

कुंडी दहा-बारा इंच व्यासाची, खोल आणि तळाला भोके असलेली हवी. लाल माती, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा यांचे मिश्रण चांगले. कंद आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती टाकावी. पाणी साचले की कंद कुजतो, म्हणून चिकण मातीत तो लावू नये. वेलीच्या शेंड्याला ऊन आणि मुळांशी गारवा असावा. कुंडीच्या मातीवर पाचोळ्याचा थर दिला तर हे साधते.

आधार बारीक हवा. जाड बांबूला पानांच्या टोकांची पकड बसत नाही. वाळक्या काटक्या, सुतळी किंवा जाळी चालते. वेल सहा-सात फूट सहज जाते. फूल उमलते तेव्हा हिरवट-पिवळे असते आणि काही दिवसांत लाल होत जाते. त्यामुळे एकाच वेलीवर तीन-चार छटांची फुले एका वेळी दिसतात.

कीड म्हणाल, तर एका पतंगाची अळी हिच्यावर हमखास येते. काळ्या अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके असलेली ही अळी एका रात्रीत बरीच पाने खाते. या पतंगाच्या शास्त्रीय नावातच ‘ग्लोरिओसी’ आहे, इतके त्याचे या वेलीशी नाते घट्ट. फवारणीपेक्षा अळ्या हातमोजे घालून वेचणे पुरेसे होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाने पिवळी पडतात आणि वेल मरून गेल्यासारखी दिसते. ती मेलेली नसते. पावसाळ्यात कमावलेले अन्न घेऊन नवा कंद जमिनीत तयार झालेला असतो आणि जुना सुकून गेलेला असतो. आता पाणी पूर्ण बंद करावे आणि कुंडी कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावी. पुढच्या पावसापर्यंत तिच्याकडे पाहायचे काम नाही. बी पेरून रोप करता येते, पण उगवायला महिने लागतात आणि फुले तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतात.

धोका कधी असतो?

पावसाळ्यात वेल फुललेली असते तेव्हा ती सगळ्यांना ओळखू येते. खरा धोका नंतरच्या सहा-सात महिन्यांत असतो. कुंडी रिकामी दिसते. घरातले दुसरे कोणी ती कोथिंबीर लावायला उकरते आणि आत रताळ्यासारखा, कोवळ्या सुरणासारखा कंद सापडतो. श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात कळलावीचा कंद खाण्याचा समजून शिजवल्याने झालेल्या विषबाधा वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. कंद शिजवल्याने विष जात नाही. दुसरा धोका फळांचा. पावसाळा संपताना बोंड तडकते आणि आतल्या लालचुटूक बिया दिसू लागतात. लहान मुलाला त्या खाऊच वाटतात.

विष आणि औषध एकच

कळलावीतल्या विषाचे नाव कोल्चिसीन. हेच द्रव्य युरोपातल्या कोल्चिकम या झाडात असते आणि त्यातून ते १८२० मध्ये वेगळे केले गेले. संधिवाताचा एक प्रकार असलेल्या ‘गाउट’मध्ये, म्हणजे युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचून अंगठा रात्रीत सुजतो त्या आजारात, ते आजही उपयोगी पडते. ठरावीक दिवसांनी ताप आणि पोटदुखी आणणाऱ्या एका आनुवंशिक आजारातही ते देतात. हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठी त्याच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये मान्यता दिली. या औषधासाठी तमिळनाडूतले शेतकरी कळलावीची शेती करतात. बी चांगले धरावे म्हणून तिथे फुलांचे परागीकरण हाताने केले जाते.

कोल्चिसीन पेशीत नेमके काय करते? प्रत्येक पेशीत बारीक नळ्यांचा एक सांगाडा असतो. प्रथिनांच्या विटा जोडून या नळ्या बनतात आणि पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रांची वाटणी त्यांच्याच मदतीने होते. कोल्चिसीन या विटांना चिकटते आणि नळी बांधूच देत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३७ पासून याचा उपयोग रोपांमधली गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी केला. बिनबियांच्या कलिंगडामागे हेच तंत्र आहे. माणसात मात्र ज्या पेशी सतत विभागतात, त्यांचे काम आधी थांबते. आतड्याचे अस्तर, हाडातला मगज आणि केसांची मुळे यांना त्यामुळे पहिला फटका बसतो.

औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. गोळीत अर्धा मिलिग्रॅम म्हणजे अर्धाच मिलिग्रॅम असतो. कंदात किती, हे जागा, हंगाम आणि कंदाचे वय यांनुसार बदलते. म्हणून ‘गाउटसाठी थोडासा कंद उगाळून घेतला तर चालेल का’ या प्रश्नाला एकच उत्तर आहे: नाही. मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असेल, तर डॉक्टरांनी दिलेली नेहमीची गोळीसुद्धा अंगावर येऊ शकते. इतर औषधे कोणती चालू आहेत, हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

बरे वाटले, तरी घरी नेऊ नये

कंद किंवा बिया पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही. काही तास जातात. मग घशात आणि पोटात जळजळ, उलट्या आणि पटकीसारखे पाण्याचे जुलाब सुरू होतात. पहिल्या दिवशी हे अन्नातून झालेल्या साध्या विषबाधेसारखेच दिसते. सलाइन लावले की रुग्णाला तरतरी येते, जुलाब कमी होतात आणि नातेवाईक घरी नेण्याची घाई करतात. इथेच घात होतो. दुसऱ्या ते सातव्या दिवसांत हाडातला मगज काम थांबवतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसे आणि हृदय यांवर परिणाम होतो. या टप्प्यात रुग्ण अतिदक्षता विभागात असेल तरच त्याला संधी असते. जे यातून तरतात, त्यांचे केस दोन-तीन आठवड्यांनी झडतात. ते पुन्हा येतात.

या विषावर बाजारात उतारा नाही. फ्रान्समध्ये कोल्चिसीनविरोधी प्रतिपिंडे वापरून एका तरुणीला वाचवल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले, पण ते औषध सर्वसामान्य वापरात आले नाही. विष पेशींमध्ये खोल शिरते, म्हणून डायलिसिसने ते निघत नाही. सुरुवातीच्या तासांत दिलेला औषधी कोळसा, शिरेतून द्रव आणि एकेका अवयवाला आधार, हाच उपचार. म्हणून वेळ सगळ्यात मोलाची. लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने मोठे रुग्णालय गाठावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये; तूप, दूध, लिंबू यांत वेळ घालवू नये. खाल्लेल्या कंदाचा उरलेला तुकडा, पान किंवा निदान फोटो सोबत न्यावा. नुसते गावठी नाव पुरत नाही.

लावणाऱ्यांसाठी

भीतीपोटी ही वेल उपटून टाकण्याची गरज नाही. कण्हेर, धोतरा, एरंड यांच्यासोबत आपण पिढ्यान् पिढ्या राहतो आहोतच. फक्त काही शिस्त पाळावी. कुंडीवर पुसली न जाणारी पाटी लावावी: ‘कळलावी, विषारी कंद’. ती पावसाळ्यानंतरही काढू नये. रताळी, सुरण, कोनफळ यांच्या शेजारी ही वेल लावू नये आणि काढलेले कंद स्वयंपाकघरात किंवा भाजीच्या टोपलीजवळ ठेवू नयेत. कंद हाताळताना मोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत. घरात लहान मुले किंवा कुत्री-मांजरे असतील, तर बोंडे हिरवी असतानाच कापून टाकावीत. शेळ्या-गुरांच्या वाटेवर वेल लावू नये, कारण तीही दगावतात. कोणाला कंद भेट दिला, तर तो काय आहे हेही त्याच वेळी सांगावे. आणि घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मातीत हात घालणाऱ्या आजी-आजोबांना आणि कामाला येणाऱ्या मावशींना, ती कुंडी दाखवून ठेवावी.

डिसेंबरात गच्चीच्या कोपऱ्यात एक कोरडी, रिकामी दिसणारी कुंडी असेल. तिच्यात पुढच्या श्रावणाची फुले झोपलेली आहेत आणि तेवढेच विषही. पाटी जागेवर आहे ना, एवढे पाहून घ्यावे.