मावशींची साडी कुठे गेली?

आमच्या डिपार्टमेंटचा सेंड-ऑफ होता. हॉलच्या कोपऱ्यात आम्ही चौघांनी मिळून फोटो बूथ लावला होता. मागे हिरवा पडदा, समोर ट्रायपॉडवर कॅमेरा, त्याला जोडलेला लॅपटॉप आणि भाड्याने आणलेला प्रिंटर. पोझ द्यायची आणि मिनिटभरात फोटो हातात. फोटोत पडद्याच्या जागी कॉलेजच्या मेन बिल्डिंगच्या पायऱ्या आणि खाली बॅचचं नाव. एकदम भारी चाललं होतं. मग कॅन्टीनच्या मावशी आल्या. आजच्यासाठी मुद्दाम नेसलेली हिरवीगार साडी, हातात हिरव्या बांगड्या.

"माझा पण काढा की रे एक."

काढला. स्क्रीनवर मावशींचा चेहरा, मनगटापासून तुटलेले दोन पंजे आणि साडीच्या जागी दगडी पायऱ्या. रांगेत एकच हशा पिकला. मावशीही हसल्या, पण हसताना त्यांनी पदर ओढून घेतला. आमचं हसू तिथेच थांबलं.

झालं काय, तर सॉफ्टवेअर माणूस ओळखत नव्हतं, फक्त रंग ओळखत होतं. याला क्रोमा की म्हणतात. 'हिरवं दिसेल ते पुसून टाक आणि तिथे दुसरं चित्र लाव' एवढंच त्याला सांगितलेलं असतं. बातम्यांत हवामान सांगणाऱ्यांच्या मागे नकाशा दिसतो, तो याच युक्तीने. हिरवाच का? एक तर आपल्या त्वचेत हा रंग जवळपास नसतो. दुसरं म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर साधारणपणे दर चार ठिपक्यांपैकी दोन हिरव्या रंगासाठी असतात, एक लाल आणि एक निळ्यासाठी. म्हणून हिरवा सगळ्यात स्वच्छ टिपला जातो.

हे गणित हॉलिवूडला ठीक आहे हो, पण आपल्याकडे? नवरीचा हिरवा चुडा, हिरवी पैठणी, नवरात्रातला हिरव्या रंगाचा दिवस! लग्नात बूथ लावायचा तर पडदा निळा घ्या, आणि मग जीन्स घालून आलेल्या चुलत भावांचे पाय गायब व्हायची तयारी ठेवा. हल्ली एआयने पडद्याशिवायही बॅकग्राउंड काढता येतं, पण मोकळे केस आणि गजरा दिसला की तेही गोंधळतं. पडदाच लावणार असाल तर तो इस्त्री केलेला हवा, त्यावर वेगळा लाइट हवा आणि माणूस त्याच्यापासून पाच-सहा फूट पुढे. नाहीतर पडद्याचा हिरवा रंग गालांवर उतरतो आणि सगळे आजारी दिसतात.

खालचं बॅचचं नाव, फुलं, चौकट म्हणजे ओव्हरले. त्यात आम्ही आदल्या रात्रीच तोंडावर आपटलो होतो. फाइल जेपीजीमध्ये सेव्ह केली. जेपीजीला पारदर्शकता माहीत नसते, त्यामुळे फोटोभर पांढरा चौकोन! पीएनजी केल्यावर सुटलो. चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे इंचाला ३००. प्रिंटर कडा थोड्या कापतो, हे कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्या काही प्रिंट्समध्ये आमच्या बॅचचं शेवटचं अक्षर गेलं. त्यात मराठी! 'आठवणींच्या' लिहिलं, तर च अर्धा लंगडा आणि वेलांटी भलतीकडेच. फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय निवडल्यावर ते सुधारलं. पण तोवर पहाटेचे तीन.

खरं तर मागे खोटं दृश्य लावून फोटो काढायची हौस आपल्याला जुनीच. नाणं टाकून चालणारा फोटो बूथ अनातोल जोसेफोने १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर सुरू केला, २५ सेंटमध्ये आठ फोटो. पण आपल्या जत्रेतला फोटोवाला आठवा ना. रंगवलेला ताजमहाल, पुठ्ठ्याचं विमान, चंद्रावर बसलेलं जोडपं. घरच्या जुन्या अल्बममध्ये एक तरी सापडेलच. त्या पडद्यासमोर कुणाची साडी मात्र गायब व्हायची नाही.

अजून एक घोळ. सगळ्या फोटोंसाठी आम्ही एकच क्यूआर कोड लावला होता. स्कॅन केला की सगळ्यांचे सगळे फोटो दिसायचे. एका ज्युनिअर मुलीने बाजूला घेऊन विचारलं, "माझा फोटो कोण कोण डाउनलोड करतंय, कळेल का?" नाही कळणार. आम्ही गॅलरी बंद केली आणि ज्याचा फोटो त्यालाच पाठवायला लागलो. रांग लांबली, शिव्या पडल्या. पण हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

मावशींचं काय? त्या "राहू दे रे" म्हणून परत गेल्या होत्या. लॅपटॉपची वायर तिथवर पोचत नव्हती, म्हणून कॅमेरा घेऊन आम्ही कॅन्टीनमध्येच गेलो. पडदा नाही, क्रोमा की बंद. मागे खरं काउंटर, चहाचं मोठं पातेलं, बरण्या. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, फक्त ओव्हरले टाकला आणि प्रिंट मारली. मावशींनी फोटो आधी हातभर लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला.

"साडी दिसतीये ना नीट?"

दिसत होती, काठासकट. ओव्हरलेमधलं एक फूल बरोबर साखरेच्या बरणीवर आलं होतं, ते जरा विचित्र दिसतं. पण दुसरी प्रिंट त्यांनी काढूच दिली नाही. फोटो आता दरपत्रकाशेजारी चिकटवलाय, समोशाच्या जरा वर.