टाकी 'अ', टाकी 'ब'

सकाळी ६.००
मैसूरु जिल्ह्यातल्या पिरियापट्टण तालुक्यातलं हे बेट्टदपुर. डोंगरावर सिडिलु मल्लिकार्जुनाचं देऊळ, खाली तांबड्या मातीतली तंबाखूची शेतं आणि त्यांच्या कडेला आमचं शेडनेट. इथे स्पॅथिफायलम, कॅलेथिया, मनीप्लांट आणि झेडझेड वाढतात, मग मैसूरुच्या घरांत नि कार्यालयांत जातात. दिवसाचं पहिलं काम पाण्याचं. टायमर सुटायच्या आधी बोअरच्या पाण्यात मीटर बुडवते. ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, ०.४; सामू ७.६. दोन्ही आकडे वहीत जातात. हे आकडे हाती नसताना खत निवडणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

६.३०
ठिबक सुरू होतं. ताशी २ लिटरचे ड्रिपर सहा मिनिटं चालले की कुंडीला २०० मिली पाणी मिळतं. चार-पाच ठिकाणी बाटल्या लावून ते खरंच तेवढं पडतं का, हे बघते. लॅटरलच्या शेवटच्या टोकाला कमी पडलं, तर गाळणीची जाळी धुवायची वेळ झाली.

८.००
आता खतं. हे काम मी दुसऱ्या कोणावर सोपवत नाही.

दुकानात सगळ्यात आधी पुढे केलं जातं ते १९:१९:१९. पाण्यात छान विरघळतं, शेतात उपयोगीही आहे. पण त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं, आणि विरघळलेला युरिया ईसी मीटरला दिसत नाही, कारण मीटर फक्त विद्युतभारित क्षार मोजतो. जिथे मी मीटरकडे बघूनच खताचं प्रमाण ठरवते, तिथे मीटरला न दिसणारं नत्र घालणं मला पटत नाही. शिवाय युरियाचं रूपांतर मातीतल्या जिवाणूंवर अवलंबून. ताज्या कोकोपीटमध्ये ते किती वेगाने होईल, याचा भरवसा नाही. नत्र मुख्यतः नायट्रेटचंच हवं.

म्हणून सुटी खतं घेते. पानांच्या झाडांना नत्र, स्फुरद, पालाश साधारण ३:१:२ या प्रमाणात मानवतं. १००० लिटर पाण्यामागे कॅल्शियम नायट्रेट २५० ग्रॅम, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट ९० ग्रॅम, १२:६१:० फक्त ३३ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट १०० ग्रॅम. शिवाय चिमूटभर सूक्ष्म अन्नद्रव्यं. यातून ईसी अर्ध्या अंकाने वाढते, बोअरचं ०.४ धरून ०.९च्या आसपास येते. घरातल्या झाडांना एवढं पुष्कळ.

पण सगळं एका टाकीत ओतायचं नाही. दाट द्रावणात कॅल्शियम सल्फेटला भेटलं की जिप्सम तयार होतो, फॉस्फेटला भेटलं की पांढरा साका बसतो, आणि दोन्ही ड्रिपरच्या तोंडाशी जाऊन अडकतात. म्हणून 'अ' टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, बाकी सारं 'ब'मध्ये. दोन्ही दहा-दहा लिटरच्या, आणि प्रत्येकीची व्हेंचुरी, म्हणजे खत ओढणारी नळी, शंभरास एक ओढते. पातळ झाल्यावर ती खतं एकमेकांना त्रास देत नाहीत. लोह डीटीपीएचं घेते, कारण ईडीटीएचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. शेवटी थोडं फॉस्फोरिक ॲसिड वेगळ्या बादलीतल्या पाण्यात घालून, त्याने ठिबकच्या पाण्याचा सामू ६ च्या जवळ आणते. ॲसिड पाण्यात घालायचं, ॲसिडवर पाणी कधीच नाही. ॲसिडमधून थोडं स्फुरदही येतं, म्हणून १२:६१ कमी ठेवलंय.

११.००
शेजारचे शेतकरी आले. त्यांची तंबाखूची रोपं कोकोपीटच्या ट्रेमध्ये वाढतात. पालाशसाठी ते म्युरिएट ऑफ पोटॅश घेतच नाहीत, सल्फेट ऑफ पोटॅशच घेतात, कारण क्लोराईड वाढलं की तंबाखूचं पान नीट जळत नाही. हुणसूरच्या तंबाखू संशोधन केंद्रामुळे या भागात पालाशचा हा भेद सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय. माझ्या कुंड्या कोणी जाळणार नाही, पण क्लोराईड कुंडीत साठतं आणि कॅलेथियाची टोकं करपतात. त्यांच्या शेताचा नियम माझ्या शेडलाही लागू. त्यांनी माझा टँकरभर सल्ला ऐकला आणि जाताना हसून म्हणाले, "साकु, अक्का, साकु." म्हणजे, पुरे, ताई, पुरे.

१.३०
पुण्याहून भाच्याचा फोन. त्याने घरात टायमर, पंप आणि सोळा कुंड्यांचं ठिबक बसवलंय.

"आत्या, कुठलं खत टाकू?"

"आधी पाणी सांग."

"आरओचं. स्वच्छ असतं ना!"

"अरे, स्वच्छ आहे, पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळजवळ नाही. दोन्ही खतातून द्यावं लागेल. आरओतून बाहेर पडणारं खारट पाणी मात्र टाकीत वापरू नकोस."

त्याचा पुढचा प्रश्न जीवामृताचा. जीवामृत मी मानते, पण ठिबकात ते नको. शेणाचे बारीक कण गाळणीतून सुटतात, टाकीत किण्वन चालू राहतं आणि बंद खोलीत वास येतो. ते झारीने घाल, असं सांगितलं.

४.००
कुंडीखाली पडलेल्या पाण्याची ईसी मोजते. आत ०.९ घातलं, बाहेर १.८ आलं, तर क्षार साठताहेत; मग एक दिवस नुसतं पाणी. कोकोपीट मुळात पोटॅशियम आणि सोडियम धरून असतं, तेव्हा नव्या मालाला आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून धुते. कडेला पांढरा थर दिसेपर्यंत थांबायचं नाही.

६.००
उद्या मैसूरुला जाणाऱ्या कुंड्यांसोबत द्यायची चिठ्ठी लिहिते. कार्यालयात उजेड शेडनेटच्या मानाने फार कमी, झाड कमी खातं, पाणीही कमी पितं. तिथे माझं पूर्ण प्रमाण दिलं तर उरलेलं खत मुळांशी साठेल. चिठ्ठीत म्हणूनच लिहिते: नळाच्या पाण्याची ईसी आधी मोजा, सोबतची 'अ' आणि 'ब' द्रावणं निम्म्या प्रमाणात, महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुवा, टाकी झाकून ठेवा म्हणजे शेवाळ धरणार नाही. खाली मोठ्या अक्षरांत: 'अ' आणि 'ब' एकाच बाटलीत ओतू नका.