डाग जाईल का?

चेहऱ्यावरच्या लालसर-जांभळ्या जन्मखुणेला डॉक्टर ‘पोर्ट-वाइन स्टेन’ म्हणतात. गोव्यातल्या वाचकांना रंग समजावून सांगायला नको! पण हा रंग कातडीचा नव्हे. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, त्यांतलं रक्त बाहेरून दिसतं.

माझ्या मावसबहिणीच्या लेकीच्या गालावर असा डाग आहे. घरात दोनच प्रश्न: कशामुळे झाला, आणि लेझरने जाईल का? पहिल्याचं उत्तर शेजारणींकडे तयार होतं, ‘ग्रहणात बाहेर पडली असणार.’ खरं कारण २०१३ साली सापडलं. अशा बहुतेक खुणांमागे ‘जीएनएक्यू’ नावाच्या जनुकातला बदल असतो. गर्भ वाढत असताना काही पेशींत तो आपोआप घडतो. आईने काय केलं, काय नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे मी ताईला दोनदा सांगितलं.

दुसरा प्रश्न अवघड. पल्स्ड डाय लेझरचा सुमारे ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. रक्त तापतं, वाहिनीची भिंत भाजते आणि ती बंद पडते. पण वाहिनी फार खोल असेल तर प्रकाश तिथवर पोचत नाही. फारच बारीक असेल तर भिंत भाजण्याआधीच उष्णता निसटून जाते. त्यामुळे डाग किती गडद आहे एवढंच बघून भागत नाही, तो नेमका कुठे आहे हे महत्त्वाचं. कपाळ, चेहऱ्याची कड, मान इथले डाग सहसा बरे फिकट होतात. नाकाजवळचा गाल आणि वरचा ओठ मात्र हट्टी! डाग लहान आणि सपाट असेल तर आशा जास्त. बाळाची त्वचा पातळ असते, म्हणून बरेच डॉक्टर लवकर सुरुवात करा म्हणतात.

आपल्या सावळ्या त्वचेत आणखी एक भानगड आहे. तिच्यातलं मेलॅनिनही तोच प्रकाश खातं. म्हणून लेझरचा जोर बेताचा ठेवून वरची त्वचा थंड करत राहावं लागतं, नाहीतर उपचाराचाच वेगळा डाग राहायचा. खूण कपाळावर किंवा पापणीवर असेल तर डोळ्यांचा दाब आणि मेंदू यांची तपासणीही करून घ्यावी लागते.

सर्वांत जास्त फरक पहिल्या काही बैठकांत दिसतो. पूर्ण नाहीसा होणारा डाग विरळाच, आणि फिकटलेला काही वर्षांनी पुन्हा गडदही होऊ शकतो. छोटीचा डाग नाकाला लागूनच आहे. तिच्या डॉक्टरांनी ‘जाईल’ हा शब्द वापरलाच नाही, ‘फिकट होईल’ म्हणाले. आधी एका कोपऱ्यावर थोडं करून बघणार आहेत.