नवा पॅच? आधी जुना काढा!

सकाळी ऑफिसची घाई आणि त्यात आजीचं औषध! अल्झायमरसाठी त्वचेवर चिकटवायचा रिव्हास्टिग्मिन पॅच तसा एकदम सोपा. २४ तासांना एक, बस्स! पण गोची इथेच होते. आई कालचा पॅच पाठीवरून काढायला विसरते, तुम्ही आजचा दंडावर लावता. म्हणजे डोस डबल! मग उलट्या, नाडी मंदावणं. प्रसंगी जिवावरही बेतू शकतं. आणि आजीला ते सांगता येईलच असं नाही.

म्हणून आधी जुना काढा, मगच नवा लावा. जागा रोज बदला. तीच जागा १४ दिवस नको. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तर डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करा. कॅलेंडरवर रोज दोन खुणा करा: ‘काढला’, ‘लावला’. अर्ध्या मिनिटाचं तर काम आहे!