सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली

शासकीय निधीचे वितरण, लेखांकन व विनियोगावरील देखरेख यांसाठी भारत सरकारने उभारलेली संगणकीय प्रणाली. केंद्रीय अर्थमंत्रालयाच्या व्यय विभागातील महालेखा नियंत्रकांच्या कार्यालयाने २००९ मध्ये ती योजना-निधीवरील देखरेखीसाठी सुरू केली. पुढे तिची व्याप्ती वाढून तीस हे नाव प्राप्त झाले.

तत्पूर्वी निधी कार्यकारी यंत्रणेकडे वर्ग होताच लेख्यांत तो खर्ची पडे. प्रत्यक्षात तो पुष्कळदा तिच्या बँक-खात्यात पडून राही. या प्रणालीत मंजुरी, देयक व बँक यांच्या नोंदी परस्परांशी जोडलेल्या असल्याने रकमेचा माग अखेरपर्यंत लागतो. १ जानेवारी २०१३ पासून लाभार्थींच्या खात्यांत थेट रक्कम जमा करण्याची योजना सुरू झाली. तीतील प्रदानांसाठीही या प्रणालीचा अवलंब करण्यात आला.

आधार क्रमांकावरून होणारे प्रदान त्या क्रमांकाशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. ते खाते बंद असल्यास रक्कम परत येते. लाभार्थीस ते ठाऊक नसल्यास प्रदानाची नोंद होऊनही पैसा त्याच्या हाती पडत नाही. म्हणजे निधीचा माग लागणे व लाभ पोहोचणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसरीसाठी गावपातळीवर चौकशीची व दुरुस्तीची सोय असणे आवश्यक ठरते.